सत्तावीस नंबरची जागा

सारसोळेच्या जेट्टीवर, पाणी उतरलेलं असताना,
मी बाबांना बोटीचं तिकीट दाखवते.
ओसाकाहून संध्याकाळी निघते, सकाळी बेप्पूला.
हॉटेलची एक रात्र वाचते म्हणून घेतलं,
हे आधीच सांगून टाकते,
नाहीतर म्हणतील, पैशे जास्त झाले का गो यामू.

बाबा तिकीट उजेडात धरतात.
अंगठ्याला खवलं चिकटलेलं.
"किती मान्सं?"
सहाशे तरी. शिवाय ट्रक.
"टरक पन?"
ट्रक पण. खालच्या मजल्यावर, साखळ्यांनी,
दावणीला बांधल्यासारखे.

सगळ्यात स्वस्त वर्गात खाट नसते.
एक मोठी खोली, खाली गालिचा,
गालिच्यावर आखलेले चौकोन.
माझा सत्तावीस.
उशी रेक्झिनची, विटेएवढी.
चादरीचे पैसे वेगळे, मी ओढणी पांघरली.
अठ्ठावीसमध्ये एक बाई बोट सुटायच्या आधीच झोपलेली,
मोज्यांची घडी उशाशी,
जणू उद्या देवळात जायचंय.

बोटीवर गरम पाण्याचा हौद होता.
बोट कलली की हौद कलायचा
आणि आम्ही पाच अनोळखी बायका, अंगावर सूत नसलेल्या,
एकदमच डावीकडे सरकायचो, मग उजवीकडे.
कुणी हसलं नाही. मग सगळ्याच हसल्या.
हे मी बाबांना सांगत नाही.

डब्याचं सांगते.
आईने दिलेली जवळ्याची चटणी,
दोन पिशव्यांत, वर टॉवेल, टॉवेलवर स्वेटर.
ऐरोलीच्या ऑफिसात सात वर्षं
हा डबा मी एकदाही नेला नाही.
बोटीवरही लपूनच, अकरा वाजता, डेकवर,
वारा माझ्याकडून समुद्राकडे आहे हे बघून उघडला.
वारा फिरला.
एक ट्रकवाला सिगरेट विझवून आला,
नाक वर करून, मांजरासारखा.
मी झाकण लावायला गेले
तर त्याने जॅकेटच्या खिशातून पुडी काढली:
सुके, चंदेरी, करंगळीएवढे मासे. डोक्यांसकट.
आम्ही अदलाबदल केली.
त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, मिरची आईच्या हातची.
बोटाने खूण केली, अजून थोडी.

बाबा एवढ्यावर खूश होतील असं मला वाटलं होतं.
ते म्हणतात,
"तांडेल कोन व्हता?"

माहीत नाही. दिसला नाही.
वर कुठेतरी असणार, काचेआड.

"रातभर निजलीस,
आन् तांडेल कोन, ता पन बगला नाय?"

रागावलेले नाहीत. खरंच विचारतायत.
पलीकडे पाम बीच रोडवर गाड्यांची रांग,
पलीकडच्या टॉवरांत एकेक खिडकी पेटते.
अठ्ठेचाळीस वर्षं या माणसाने रात्री पाण्यावर काढल्या,
डोल लावून, सुकतीची वाट बघत,
आणि मी घरी, पंख्याखाली,
कधी विचारलं होतं, जागं कोण आहे?

"झोप लागते कशी, पान्यावर?"
मी सांगू बघते. इंजिनाची घरघर
गालिच्यातून बरगड्यांत येते,
मग कळत नाही कुठली आपली.
नीट सांगता येत नाही.

बाबा उठतात. लेंगा गुडघ्यापर्यंत ओढतात,
चिखलात उतरून होडीत चढतात,
जाळ्याची गुंडाळी डोक्याखाली घेऊन
फळ्यांवर आडवे होतात,
छातीवर हात, सव्वीस नंबरवाल्यासारखे.

बाबा, होडी रुतलीय. हलत पण नाही.

"मंग बराय," डोळे मिटून म्हणतात,
"कुनाला जागाया नको."

भरती सव्वानऊची.
चिखलात खेकड्यांची बारीक चुळबुळ.
मी चपला हातात घेते
आणि नाळेवर जाऊन बसते.